व्हिटॅमिन डी: रोजची मर्यादा ४,००० युनिट, मग आठवड्याची ६०,०००ची गोळी कशी चालते?

अबोली

व्हिटॅमिन डीच्या डोसचे आकडे वाचून मेळ बसत नाही, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

१) प्रौढांनी रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नये असं बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं. काही ठिकाणी १०,०००पर्यंत चालतं असंही असतं. आणि डॉक्टर तर आठवड्याला ५०,००० किंवा ६०,०००ची गोळी लिहून देतात. यातलं खरं काय धरायचं?

२) मल्टिव्हिटॅमिनमध्ये ४००, कॅल्शियमच्या गोळीत ५०० आणि वेगळी २,०००ची कॅप्सूल, असं चालू असेल तर सगळं एकत्र मोजायचं का? ऊन आणि आहार पण त्यात येतो का?

३) जास्त झालं तर ते ओळखायचं कसं? कोणती तपासणी, कधी?

४) आठ आठवड्यांचा कोर्स संपल्यावर पुढे किती घ्यायचं?

७२ वर्षांच्या व्यक्तीसाठी विचारते आहे. बीपीची गोळी चालू आहे, किडनीचा त्रास नाही.

तळटीप

तिन्ही आकडे खरे आहेत, पण ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

४,००० युनिट ही मर्यादा अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१०च्या अहवालात ठरवली. तिचा अर्थ असा की निरोगी माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, वर्षानुवर्षं रोज इतकं घेतलं तरी अपाय होण्याची शक्यता फार कमी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचा आकडाही तोच आहे, १०० मायक्रोग्रॅम, आणि २०२३मध्ये पुन्हा तपासून त्यांनी तो कायम ठेवला. हे कमाल प्रमाण आहे, रोजची गरज नव्हे. गरज ७० वर्षांपर्यंत ६०० आणि त्यापुढे ८०० युनिट एवढीच आहे. मर्यादा जणू गाठायचं लक्ष्य आहे अशा समजुतीने लोक रोज ४,००० घेत बसतात, त्याला काही आधार नाही.

१०,०००चा आकडा एन्डोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांमधला. तो कमतरता असलेल्या प्रौढांच्या उपचारासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असा आहे. पुढचं अर्धं वाक्य गाळून तो आकडा इंटरनेटभर फिरतो.

आता आठवड्याची गोळी. ६०,००० भागिले ७ म्हणजे रोजचे सुमारे ८,५७० युनिट झाले. मर्यादेच्या दुप्पट. आठ आठवड्यांत एकूण ४,८०,०००. हे जाणूनबुजून असतं, कारण शरीरातला साठा रिकामा असतो. रिकामं पिंप भरताना नळ मोठा सोडतात आणि भरत आलं की बारीक करतात, तसंच. अडचण होते ती नळ बारीक करायचा राहून जातो तेव्हा. कोर्स संपला तरी चिठ्ठी तीच, गोळी तीच, आणि आठ आठवड्यांचं वर्ष होतं. म्हणून चिठ्ठीवर नुसता डोस नको, शेवटच्या गोळीची तारीखही लिहून घ्या.

मुलांच्या मर्यादा वेगळ्या आहेत: ६ महिन्यांपर्यंत १,०००, ६ ते १२ महिने १,५००, १ ते ३ वर्षं २,५००, ४ ते ८ वर्षं ३,०००. नवव्या वर्षापासून ४,०००. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही ४,०००च.

दुसरा प्रश्न. होय, सगळं एकत्र मोजायचं. तुमच्या उदाहरणात ४०० + ५०० + २,००० = २,९००. मर्यादेच्या आत आहे, पण ७२ वर्षांच्या माणसाच्या गरजेच्या साडेतीन पटीहून जास्त. कमतरता नसेल तर २,०००ची कॅप्सूल कशासाठी, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

डी घातलेलं दूध, सीरियल वगैरे रोज घेत असाल तर तेही त्या बेरजेत येतं. नेहमीच्या जेवणातून मिळणारं डी एवढं कमी असतं की त्याने गणित बिघडत नाही. अपवाद कॉड लिव्हर ऑइलचा. एका चमच्यात साधारण ४५० युनिट डी असतं आणि त्याच्या दसपट व्हिटॅमिन ए. म्हणून डी वाढवायचं म्हणून या तेलाचे चमचे वाढवू नयेत, आधी ए जास्त होईल.

ऊन मोजायचं नाही. उन्हाने डीची विषबाधा होत नाही, कारण त्वचेत तयार झालेलं जास्तीचं द्रव्य त्याच उन्हाने निष्क्रिय पदार्थांमध्ये मोडतं. गोळीला असा ब्रेक नाही. जे गिळलं त्यातलं बहुतेक आत जातं.

लेबल वाचताना दोन ठिकाणी लोक घसरतात. पहिलं एकक: १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. म्हणजे १० मायक्रोग्रॅमला ४००, २५ला १,०००, ५०ला २,०००, १००ला ४,०००. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमची अदलाबदल झाली तर हजारपटीची चूक होते, १ मिलिग्रॅम डी म्हणजे ४०,००० युनिट. दुसरं, बाटलीवरचा मोठा आकडा कधी एका गोळीचा असतो, कधी ‘दोन गोळ्यांमागे’ असतो. मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय बेरीज करू नका.

निळावंती

तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण यात गोंधळ सर्वांत जास्त आहे.

डी स्वतः अपाय करत नाही, अपाय करतं रक्तात वाढलेलं कॅल्शियम. डीचं प्रमाण बेसुमार झालं की आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलं जातं आणि हाडांमधूनही बाहेर पडू लागतं. किडनी ते लघवीवाटे टाकायचा प्रयत्न करते. सोबत पाणीही खूप जातं, अंगातलं पाणी कमी होतं, मग किडनीचं काम मंदावतं आणि कॅल्शियम आणखी चढतं. हे चक्र सुरू झालं की झपाट्याने बिघडतं. पुढे मूतखडे, किडनीत कॅल्शियमचे थर, हृदयाच्या ठोक्यांत गडबड.

लक्षणं: भूक मरणं, मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, गळून जाणं, गुंगी किंवा गोंधळलेपणा. यातलं एकही लक्षण फक्त डीचं असं नाही. त्यामुळे वयस्कर माणसाची बद्धकोष्ठता आणि विसराळूपणा ‘वयामुळे’ या खात्यात टाकला जातो आणि गोळी चालूच राहते. डीची गोळी चालू असलेल्या माणसात यातली दोन-तीन लक्षणं एकदम दिसली तर कॅल्शियम तपासल्याशिवाय पुढची गोळी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तपासणीत मागायचं ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे रक्तातलं डीचं साठ्याचं रूप. १,२५-डायहायड्रॉक्सी, म्हणजे डीचं सक्रिय रूप, ही वेगळी आणि महाग चाचणी असते. साठा कळण्यासाठी तिचा उपयोग नाही, आणि विषबाधेतही ती नॉर्मल येऊ शकते.

रिपोर्टचं एकक आधी बघा. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला २.५ने गुणलं की नॅनोमोल प्रति लिटर मिळतं. ३० नॅनोग्रॅम म्हणजे ७५ नॅनोमोल. ‘७५’ बघून भरपूर आहे म्हणणारे आणि ‘३०’ बघून कमी आहे म्हणणारे एकाच पातळीबद्दल बोलत असतात.

आता आकडे, सगळे नॅनोग्रॅममध्ये. १२च्या खाली कमतरता. २०च्या वर बहुतेकांना पुरेसं. ५०च्या वर सतत राहण्यात फायदा दिसलेला नाही आणि काळजीचं कारण मात्र आहे, हे त्याच २०१०च्या अहवालात आहे. १००च्या वर नक्कीच जास्त. प्रत्यक्ष विषबाधा सहसा १५०च्या वर दिसते. पण नुसत्या डीच्या आकड्यावर निदान होत नाही. सोबत रक्तातलं कॅल्शियम, अल्ब्युमिन (कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठी) हवं. अल्ब्युमिन ४ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर प्रत्येक १ ग्रॅमच्या कमतरतेमागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवून वाचायचं, नाहीतर वाढलेलं कॅल्शियम नॉर्मल भासतं. कॅल्शियम वाढलेलं असेल तर पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं) बघावं लागतं. डीमुळे वाढलं असेल तर ते दबलेलं येतं. चढं आलं तर कारण बहुधा पॅराथायरॉइड ग्रंथीतच आहे, गोळीत नाही.

कधी करायची? २५-हायड्रॉक्सी डीचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ, दोन ते तीन आठवडे आहे. डोस बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला तीन महिने लागतात. पंधरा दिवसांनी तपासून ‘वाढलं नाही’ म्हणत डोस वाढवणं ही नेहमीची चूक आहे. केस-नखांसाठी बायोटिनची मोठ्या डोसची गोळी चालू असेल तर लॅबला सांगा आणि ती दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे डी खोटंच जास्त दिसतं.

हेच दीर्घ अर्धायुष्य विषबाधेत त्रासाचं ठरतं. डी चरबीत साठतं. गोळी आज बंद केली तरी कॅल्शियम आठवडे, कधी महिने चढं राहू शकतं. उपचार रुग्णालयात होतात: डी आणि कॅल्शियम बंद, शिरेतून सलाइन, गरजेप्रमाणे स्टिरॉइड किंवा बिस्फॉस्फोनेट (हाडांमधून कॅल्शियम बाहेर पडणं रोखणारं औषध). घरी भरपूर पाणी पिऊन उतरण्यासारखं हे नाही.

कल्पवृक्ष

वरचं बहुतेक पटतं. पण १०,०००बद्दल जरा घाबरवल्यासारखं वाटलं. भर उन्हात सगळं अंग उघडं ठेवून त्वचा किंचित लाल होईपर्यंत थांबलं तर तोंडाने घेतलेल्या १०,००० युनिटांएवढं किंवा त्याहून जास्त डी बनतं, असा अंदाज बऱ्याच अभ्यासांत आहे. रोज १०,०००च्या आत घेऊन निरोगी माणसाचं कॅल्शियम धोकादायक पातळीला गेल्याच्या घटना दुर्मीळ आहेत. नोंदवलेल्या विषबाधा बहुतेक करून रोज ४०-५० हजार किंवा त्याहून जास्त, तेही आठवडे-महिने घेतल्याच्या आहेत. स्थूल व्यक्तींना तर तेवढीच पातळी गाठायला दुप्पट-तिप्पट डोस लागतो, डी चरबीत अडकतं म्हणून. शिवाय व्हिटॅमिन के२ सोबत घेतलं की कॅल्शियम हाडांत जातं, असं सांगतात.

तळटीप

@कल्पवृक्ष, तीव्र विषबाधेपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. १०,०००ने कोणी लगेच रुग्णालयात जात नाही. स्थूलतेचा मुद्दाही योग्य, पण तो डोस डॉक्टरांनी पातळी बघून ठरवायचा.

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘अपाय होत नाही’ एवढ्यावर कोणी रोज १०,००० का घ्यावं, फायदा काय? कॅनडात कॅल्गरीला ५५ ते ७० वयाच्या निरोगी लोकांना तीन वर्षं रोज ४००, ४,००० किंवा १०,००० युनिट दिले. निष्कर्ष २०१९मध्ये आले. हाडांची ताकद जास्त डोसने वाढली नाही. उलट मनगटाजवळच्या हाडाची घनता ४,००० आणि १०,००० या दोन्ही गटांत ४००च्या गटापेक्षा कमी निघाली. लघवीतून जास्त कॅल्शियम जाण्याचं प्रमाण अनुक्रमे १७, २२ आणि ३१ टक्के. म्हणजे धोका पायरीपायरीने चढतो, १०,०००च्या रेषेवर अचानक उगवत नाही.

२,०००चंही तेच. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ लोक होते, सुमारे पाच वर्षं. ज्यांना मुळात कमतरता नाही अशा सर्वसाधारण लोकांत रोज २,००० युनिटने कर्करोग होण्याचं प्रमाण, हृदयविकार किंवा अस्थिभंग कमी झाले नाहीत.

के२मुळे जास्त डीचा डोस सुरक्षित होतो हे सिद्ध झालेलं नाही. त्या भरवशावर मर्यादा ओलांडू नये. आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्याने के२ स्वतःहून घेऊच नये, औषधाचा परिणाम कमी होतो.

आता चौथा प्रश्न, कोर्सनंतरचा. साधारणपणे रोज ८०० ते २,००० युनिट पुरतात. महिन्यातून एकदा ६०,००० म्हणजेही रोजचे २,०००च. पण ७२व्या वर्षी मी रोजच्या छोट्या डोसच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. ऑस्ट्रेलियात ७० आणि त्यापुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, तेव्हा पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण वाढलं. ते २०१०मध्ये प्रसिद्ध झालं. एन्डोक्राइन सोसायटीच्या २०२४च्या सूचनाही पन्नाशीनंतर अधूनमधूनच्या मोठ्या डोसऐवजी रोजचा छोटा डोस सुचवतात. त्याच सूचनांत त्यांनी ‘पातळी ३०च्या वर हवीच’ हा जुना आग्रह सोडला आणि निरोगी लोकांची सरसकट तपासणी नको असंही म्हटलं.

किती डोसने किती वाढेल याचा ढोबळ अंदाज: रोजच्या प्रत्येक १०० युनिटमागे दोन-तीन महिन्यांत साधारण ०.७ ते १ नॅनोग्रॅम. सुरुवातीची पातळी जितकी वर, तितकी वाढ कमी. गोळी जेवणासोबत घ्या, ज्या जेवणात थोडी स्निग्धता असेल त्या. उपाशीपोटी शोषण कमी होतं, आणि मग ‘लागू पडत नाही’ म्हणून डोस वाढवला जातो.

पारिजात

प्रत्यक्षात डोस जास्त होतो तो कुठे, एवढंच लिहितो.

आठवड्याची गोळी रोज घेतली जाणं, हे पहिलं. रोज ६०,००० म्हणजे महिन्याला १८ लाख. घरात इतर सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, त्यामुळे ही पण रोजच्या डबीत जाते. तिला डबीत टाकूच नका. वेगळी ठेवा, पाकिटावर वार आणि तारखा लिहा, घेतली की खूण करा. एखादा वार चुकला तर आठवेल तेव्हा एक घ्या, दोन एकदम नकोत. चुकून लागोपाठच्या दोन दिवशी दोन घेतल्या गेल्या तर निरोगी प्रौढाला सहसा काही होत नाही, पुढचा आठवडा सोडून द्या आणि डॉक्टरांना कळवा. दोन-तीन आठवडे रोज घेतली गेली असेल तर मात्र लगेच बंद आणि कॅल्शियम, क्रिएटिनिन, डी, तिन्ही तपासा, लक्षणं नसली तरी.

दुसरं, बाळांचे थेंब. एका बाटलीत १ मिलिलिटरला ४०० युनिट असतात, दुसरीत एका थेंबाला ४००. ब्रँड बदलला आणि सवयीने ड्रॉपर भरून दिला तर दहा-वीस पट जातं. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०१०मध्ये नेमकी हीच सूचना काढली होती. बाळाला रोज ४०० पुरतात. ड्रॉपर त्याच बाटलीसोबत आलेला हवा आणि त्यावर ४०० युनिटची खूण हवी. एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला वापरायचा नाही.

तिसरं, कॅल्सिट्रिऑल आणि अल्फाकॅल्सिडॉल. ही डीचीच रूपं, पण किडनी किंवा पॅराथायरॉइडच्या आजारात देतात आणि मायक्रोग्रॅमच्या अंशात मोजतात, उदाहरणार्थ ०.२५. वरचं ४० युनिटचं कोष्टक यांना लावायचं नाही. ०.२५ म्हणजे फक्त १० युनिट असं समजून कोणी दोन-चार जास्त घेतल्या तर कॅल्शियम काही दिवसांत चढतं. साधा डीचा रिपोर्टही यात उपयोगाचा नाही, कारण ही रूपं त्या चाचणीत दिसत नाहीत.

अबोली

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. बीपीची गोळी बघितली, त्यात क्लोरथॅलिडोन आहे. शिवाय कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज. याने काही फरक पडतो का?

निळावंती

पडतो, आणि हे विचारलंत ते फार बरं झालं.

क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड या गटातली औषधं लघवीतून कॅल्शियम बाहेर जाऊ देत नाहीत. डीमुळे आत येणारं वाढलं, या गोळीमुळे बाहेर जाणारं घटलं आणि वर कॅल्शियमच्या गोळ्या, असं तिहेरी होतं. म्हणजे ४,०००ची मर्यादा अशा माणसासाठी नव्हे, ती निरोगी माणसासाठी आहे. याचा अर्थ बीपीची गोळी बंद करायची असा मुळीच नाही. ती चालूच राहू द्या.

करायचं ते असं. कोर्स सुरू करण्याआधी कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन करा. सुरू झाल्यावर साधारण महिन्याने कॅल्शियम पुन्हा, मग तीन महिन्यांनी कॅल्शियम आणि डी दोन्ही. पन्नाशीनंतर कॅल्शियमची एकूण मर्यादा दिवसाला २,००० मिलिग्रॅम आहे, आहारातलं धरून. दूध, दही, पनीर नियमित असेल तर १,००० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची गरज बहुधा नाही. एक गोळी कमी करता येईल का ते डॉक्टरांना विचारा. कॅल्शियमच्या गोळीतल्या ५०० युनिट डीची बेरीजही दोन गोळ्यांची करा, तुमच्या यादीत एकच धरलेली दिसते. म्हणजे २,९०० नव्हे, ३,४००.

हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर आणखी सावध, कारण कॅल्शियम वाढलं की ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. सार्कॉइडोसिस (फुप्फुसांत वगैरे सुजेच्या गाठी होणारा आजार), क्षय, काही लिम्फोमा (लसिकाग्रंथींचे कर्करोग), पॅराथायरॉइड ग्रंथीचं जास्त काम, पूर्वीचे मूतखडे, किडनीचा जुना आजार, यांपैकी काही असेल तर बाजारात सहज मिळणारी १,०००ची गोळीही विचारल्याशिवाय नको. सार्कॉइडोसिस आणि क्षयात शरीर स्वतःच डीचं सक्रिय रूप अनिर्बंध बनवतं, तिथे नेहमीचा डोसही जास्त ठरू शकतो. उलट फेनिटॉइन, कार्बामाझेपिन (फिटांची औषधं), रिफाम्पिसिन (क्षयाचं औषध) घेणाऱ्यांमध्ये डी लवकर मोडतं, त्यांना जास्त लागू शकतं, पण तेही मोजून.

अल्ब्युमिनप्रमाणे दुरुस्त केलेलं कॅल्शियम १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर डी आणि कॅल्शियम दोन्ही थांबवून डॉक्टरांना फोन करा. १२च्या वर असेल तर त्याच दिवशी दाखवा. १४च्या आसपास असेल, किंवा आकडा कितीही असला तरी उलट्या, गुंगी, बडबड सुरू झाली असेल, तर थेट रुग्णालयात न्या आणि डीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. किती युनिटची, किती दिवस, हे तिथे पहिलं विचारतात.